वारस भारतीय, तरी ‘शत्रू’?

रविवारी मंडईत मेथीची जुडी निवडताना मित्र म्हणाला, “पाकिस्तानात गेलेल्यांची घरं सरकारनं घेतली, तर तुझ्या का पोटात दुखतं?” गेलेल्यांसाठी नाही दुखत. जे गेलेच नाहीत, त्यांच्यासाठी दुखतं.

1965 च्या युद्धात पाकिस्तानी नागरिकांची इथली मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली. 1968 मध्ये शत्रू संपत्ती कायदा झाला. युद्धकाळात अशी व्यवस्था समजू शकते. पण महमूदाबादच्या राजांचं प्रकरण पाहा. त्यांनी 1957 मध्ये पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलं. पत्नी आणि मुलगा इथेच, भारतीयच राहिले. 1973 मध्ये राजे वारले. मुलगा कोर्टात लढला. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: हा भारतीय नागरिक शत्रू नाही, त्याची मालमत्ता परत करा.

2017 मध्ये संसदेने कायदाच बदलला. आता कायदेशीर वारसही ‘शत्रू’, मग ते भारतीय नागरिक का असेनात! बदल 1968 पासून लागू. वारसा कायदा चालणार नाही, दिवाणी न्यायालयाचं दार बंद. 2018 च्या सरकारी आकड्यांनुसार पाकिस्तानी नागरिकांच्या अशा 9,280 मालमत्ता आहेत, चिनी नागरिकांच्या 126.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. अडचणीच्या रात्री घाईत टाकलेला पॅच अडचण संपली की आम्ही काढतो. इथे तो पुढच्या पिढ्यांनाही चिकटवलाय.

मित्राचा मुद्दा: पाकिस्तानने तर 1971 मध्येच तिकडच्या मालमत्ता विकून टाकल्या. खरं आहे, आणि तो अन्यायच होता. पण दोन सरकारांच्या हिशेबाची वसुली भारतीय नागरिकाकडून का? पाकिस्तानने केलं ते आपल्या न्यायाचं माप कधीपासून झालं?

असे कायदे जातात. फाळणीनंतर सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेचा 1950 चा कायदा आपल्याच संसदेने 2005 मध्ये रद्द केला. अमेरिकेतल्या फ्लोरिडात परदेशस्थांच्या जमीनमालकीवर बंधन घालू देणारं जुनं कलम मतदारांनी 2018 मध्ये राज्यघटनेतून काढलं. 2023 मध्ये तिथेच चिनी नागरिकांवर नवी बंधनं आली. म्हणजे कायदा काढून भागत नाही, जागंही राहावं लागतं.

तेव्हा दोस्तांनो, हा फक्त नवाबांचा प्रश्न समजू नका. प्रश्न नागरिकत्वाचा आहे: ते माझं स्वतःचं, की आजोबांच्या निर्णयावर टांगलेलं? आपल्या खासदाराला दोनच गोष्टी मागा. ‘शत्रू’च्या व्याख्येतून भारतीय वारस वगळा. दिवाणी न्यायालयाचं दार उघडा.

आम्ही उभे होतो ती मंडई 1886 मध्ये इंग्रज गव्हर्नरच्या नावाने उभी राहिली. ते नाव काढून आपण महात्मा फुल्यांचं दिलं. ‘शत्रू’ हेही एक नावच आहे. चुकीच्या माणसाला दिलंय, काढा.