विश्लेषण : बेस गिटार ‘दुर्मीळ’ की नंतर बदललेली? उत्तर दडलंय स्क्रूखाली

जुनी, काहीशा वेगळ्या रूपाची बेस गिटार विक्रीला आली की जाहिरातीत एक वाक्य हमखास असते : ‘कंपनीने अशा मोजक्याच बनवल्या होत्या.’ हे खरे असेल तर गिटार संग्राहकासाठी ठेवा ठरते. खोटे निघाले तर खरेदीदाराचे लाखो रुपये पाण्यात. मग ओळखायचे कसे?

एवढा फरक का पडतो?

जुन्या वाद्यांच्या बाजारात पैसे मोजले जातात ते मूळपणाला. साठच्या दशकातल्या फेंडर गिटारवरचा मूळ रंग काढून नवा दिला, तर किंमत साधारण निम्म्यावर येते, असा या बाजारातला ठोकताळा आहे. त्यामुळे नंतर केलेला बदल ‘कारखान्यातूनच असा आला’ म्हणून खपवण्याचा मोह होतो. म्हणूनच ‘वेगळी आहे, म्हणजे दुर्मीळ आहे’ हा तर्क उलटा करायला हवा. वेगळी दिसणारी गिटार आधी बदललेलीच समजावी. ती कारखान्यातली आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची.

पहिली चाचणी कॅलेंडरची

अमेरिकी बेसवादक जॅको पास्टोरियस याची १९६२ ची फेंडर जाझ बेस जगप्रसिद्ध आहे. तिच्या गळ्यावर फ्रेट, म्हणजे धातूचे पडदे नाहीत. फेंडरने फ्रेटलेस बेस नियमित विक्रीला आणली ती १९७० मध्ये आणि तीही प्रिसिजन बेस. म्हणजे १९६२ ची फ्रेटलेस जाझ बेस समोर आली, तर पडदे नंतर काढले असण्याचीच शक्यता जास्त. ते कोणी काढले, याच्या खुद्द जॅकोनेच वेगवेगळ्या मुलाखतींत दोन कहाण्या सांगितल्या. मालकाच्या तोंडची गोष्टही पुरावा म्हणून पुरत नाही, ती अशी.

उघडल्यावर काय दिसते?

खरी माहिती पिकगार्ड आणि कंट्रोल प्लेटच्या खाली असते. जाझ बेस १९६० मध्ये आली तेव्हा तिच्यावर एकावर एक बसवलेल्या नॉबच्या दोन जोड्या होत्या. १९६२ च्या सुमारास त्याजागी तीन साधे नॉब आले. दोन जोड्यांच्या मॉडेलला भाव जास्त. पण नॉब ज्या प्लेटवर बसतात ती सुटी असते. प्लेट बदलली की मॉडेल ‘बदलले’!

इथे नॉबखालचे पॉट कामी येतात. त्यांच्यावर आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ, ३०४६२१४ मध्ये ३०४ हा उत्पादकाचा क्रमांक, ६२ हे वर्ष आणि १४ हा आठवडा. मात्र हा आकडा पॉटचा जन्म सांगतो, गिटारचा नाही. फेंडरकडे १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा आला होता. त्यामुळे पुढच्या दोन-तीन वर्षांच्या गिटारमध्येही ‘६६’ सापडते. जुना पॉट नव्या गिटारमध्ये असू शकतो. पण गिटारपेक्षा नवा पॉट निघाला, तर तो नंतर बसवलेला, हे नक्की.

सोल्डर जागोजागी पुन्हा लावलेले दिसते का, तेही पाहावे. पिकअपसाठी कोरलेल्या खाचेच्या कडा बघाव्यात. कारखान्यात खाच साच्याने कोरली जाते आणि मग रंग चढतो. खाचेत कोरे लाकूड आणि वेड्यावाकड्या कडा दिसल्या तर संशय घ्यावा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरने जाझ बेसचा मागचा पिकअप ब्रिजच्या दिशेने सुमारे एक सेंटिमीटर सरकवला. त्यामुळे नुसत्या मोजपट्टीनेही काळाचा अंदाज येतो.

सीरियल नंबर पुरेसा नाही का?

नाही. साठच्या दशकात फेंडरचा नंबर गळा जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर असे. ती पट्टी चार स्क्रूंवर बसते. चार स्क्रू काढले की एका गिटारचा नंबर दुसऱ्या गिटारवर. एकच खूण कधीच पुरेशी नसते. गळ्याच्या टोकावरची तारीख, पॉट, पिकअप आणि रंग या सगळ्यांची साक्ष जुळली पाहिजे.

मग बदल म्हणजे फसवणूक?

मुळीच नाही. वादक वाद्याला आपल्या हाताजोगे करणारच. जॅकोची बेस संग्राहकाच्या मोजपट्टीवर ‘बिघडवलेली’, पण तिनेच फ्रेटलेस बेसचा आवाज जगाच्या कानात बसवला. पुढे १९९९ मध्ये फेंडरनेच जॅकोच्या नावाची फ्रेटलेस जाझ बेस बाजारात आणली. एकाने केलेला बदल कारखान्याचे मॉडेल झाला.

चूक आहे ती बदल लपवण्यात. बदल सांगून विकलेली गिटार वाजवणाऱ्याला स्वस्तात मिळते, तर लपवून विकलेली गिटार पुढच्या प्रत्येक मालकाला गंडवत जाते. म्हणून आगाऊ रक्कम पाठवण्याआधी पिकगार्डखालचे, पॉटवरच्या आकड्यांचे आणि गळ्याच्या टोकाचे फोटो मागावेत. ‘उघडायला नको, मूळपणा जाईल’ असे उत्तर आले, तर खिशात हात घालू नये. स्क्रू ड्रायव्हरने काळजीपूर्वक उघडल्याने मूळपणा जात नाही, गेलेला असेल तर तो दिसतो.