‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे काही अवकाळी पाऊस नव्हे!

परवा रात्री साडेअकराला बसस्टँडमागच्या ऑनलाइन सेवा केंद्रात होतो. 11 पोरं-पोरी बाकावर, दोघं-तिघं पालक बाहेर मोटारसायकलवर. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख. रात्री 12 ला पोर्टल बंद.

त्यातली एक मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील ऊसतोडीला गेलेले, सोबत मामा. फॉर्म सगळा भरलेला, फक्त उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो चढत नव्हता. चकली फिरायची, फिरायची, आणि मग पांढऱ्या पानावर इंग्रजीत एक ओळ: 500, इंटर्नल सर्व्हर एरर. चार वेळा झालं. केंद्रवाल्या पोराने फोटो छोटा केला, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघितलं, मोबाइलचं नेट जोडलं. 11:58 ला पाचवा प्रयत्न. पुन्हा 500.

12 वाजून 4 मिनिटांनी त्याच पोर्टलने एका सेकंदात, स्वच्छ मराठीत सांगितलं: अर्ज करण्याची मुदत संपली आहे.

बघा मंडळी, मराठी येतं त्याला.

सकाळी संबंधित कार्यालयात फोन केला. उत्तर ठरलेलं. ‘सर्व्हर डाऊन असेल, ते वरून असतं, आमच्या हातात काही नाही. आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचंच कशाला?’ पोर्टलचं आणि कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाचं लिहिलं की बाकीचे सुटतात, आणि हा आजार एकाचा नाही. तुम्ही कधी विमा, कधी दाखला, कधी भरतीचा फॉर्म भरताना हेच पांढरं पान बघितलंय.

मी इंजिनिअर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस. म्हणून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या शाळेतल्या मित्राला गाठलं आणि तासभर डोकं खाल्लं. त्याने सांगितलेलं ऐकून डोकं आणखी फिरलं.

पहिली गोष्ट. हे आकडे उगाच नसतात. 4 ने सुरू होणारा आकडा म्हणजे पाठवणाऱ्याकडून काहीतरी चुकलं. फाइल मोठी असेल तर 413. आणि 5 ने सुरू होणारा म्हणजे सर्व्हर स्वतःच कबूल करतोय की गडबड माझ्याकडे आहे. हे जगभरच्या इंटरनेटचे नियम आहेत, आणि त्या नियमांतच असंही म्हटलंय की अशा वेळी सर्व्हरने काय बिघडलं आणि ते तात्पुरतं आहे की कायमचं, हे समोरच्याला समजावून सांगावं. म्हणजे त्या रात्री यंत्र पाच वेळा गुन्हा कबूल करत होतं, आणि साहेब पोरीला विचारतायत, उशीर का केला?

दुसरी गोष्ट, फोटो चढताना आत होतं काय. फोटो आधी सर्व्हरच्या दारात येतो. तिथे पहारेकरी असतो, एनजिनेक्स नावाचा प्रोग्रॅम बऱ्याच ठिकाणी हे काम करतो. कुणी हात लावला नाही तर त्याची मर्यादा 1 एमबी. पुढे पीएचपी असेल तर त्याची एका फाइलची मूळ मर्यादा 2 एमबी, अख्ख्या फॉर्मची 8 एमबी. आज आठ-दहा हजारांचा मोबाइलही 3-4 एमबीचा फोटो काढतो. म्हणजे सेटिंग कुणी उघडूनच बघितलं नसेल, तर साधा फोटो दारातच अडकणार. आणि गंमत ऐका. अख्ख्या फॉर्मची मर्यादा ओलांडली की पीएचपी तुम्ही भरलेलं सगळंच रिकामं धरतं. मग पोर्टल म्हणतं, ‘कृपया नाव भरा, कृपया जन्मतारीख भरा.’ सगळं भरूनही हा मेसेज आलेले किती जण आहात? तुम्ही वेडे नव्हता.

मी विचारलं, पण केंद्रवाल्याने तर फोटो छोटा केला होता! मित्र म्हणाला, केबी कमी केले, लांबी-रुंदी तेवढीच ठेवली असेल. 4000 बाय 3000 चा फोटो म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके. सर्व्हर तो लहान करायला उघडतो तेव्हा प्रत्येक ठिपक्याला साधारण 4 बाइट लागतात, म्हणजे एकाच फोटोला 48 एमबी मेमरी. वळवताना, कापताना त्याच्या आणखी प्रती होतात. मेमरी संपली की प्रोग्रॅम बसला, आणि तुमच्या स्क्रीनवर 500. किंवा शेवटच्या दिवशी अर्जांनी डिस्कच भरली, लिहायला जागा नाही, तरी 500. किंवा ज्या फोल्डरमध्ये फोटो ठेवायचा त्याची परवानगीच चुकलेली, तरी 500. नक्की कुठलं कारण, हे बाहेरून कळत नाही. आतून मात्र कळतं. सर्व्हर स्वतःची वही लिहीत असतो, तिला लॉग म्हणतात. कुठल्या सेकंदाला कुठली विनंती आली, कुठला आकडा परत गेला, सगळं त्यात. चुकांची वही नीट ठेवली असेल तर कारणसुद्धा.

आता ‘शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं कशाला’ याबद्दल. त्या पोरीच्या हातात उत्पन्नाचा दाखला आदल्या दिवशी संध्याकाळी पडला. तोही सरकारनेच दिला. तिथेही म्हणे सर्व्हर डाऊन होता.

केंद्रवाल्या पोराला शिव्या घालणाऱ्यांनाही सांगतो, त्या रात्री त्याने एक रुपया घेतला नाही, आणि उपाशी बसला होता.

मला फुकटचा सल्ला द्यायचा नाही, मागणी करायची आहे. ज्या दिवशी पोर्टलवर 500 चा पाऊस पडला, तेवढे दिवस मुदत आपोआप वाढली पाहिजे, कुणा आमदाराच्या पत्राची वाट न बघता. फोटो नाकारायचा तर ‘लांबी-रुंदी जास्त आहे’, ‘आमच्याकडे जागा संपली’ असं मराठीत लिहा, आणि खाली तक्रार क्रमांक द्या. फोटो लहान करायचं काम पोर्टलने पाठवण्याआधी मोबाइलमध्येच करून घेतलं तर निम्मी रडगाणी संपतील, मित्र म्हणतो हे काही अवघड नाही. आणि पोर्टल सुरू करण्याआधी ठेकेदाराने एसी ऑफिसात नाही, आमच्या तालुक्यात येऊन, खेड्यातल्या नेटवर, साध्या मोबाइलच्या फोटोने एक फॉर्म भरून दाखवावा. चहा मी पाजतो.

माहितीचा अधिकार अधिनियम 2005 मध्ये ‘माहिती’च्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली सामग्री स्पष्टपणे धरलेली आहे. म्हणून अर्ज लिहिलाय. शेवटच्या तीन दिवसांत त्या पोर्टलने किती वेळा 5 ने सुरू होणारा आकडा परत पाठवला, तासावार. कुणाचं नाव-गाव नको, फक्त मोजणी. सोबत ठेक्याची प्रत, आणि पोर्टल बंद पडल्याबद्दल आजवर दंड किती लावला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून सोमवारी देतोय. उत्तराला 30 दिवस.

त्या रात्री ज्यांचा फॉर्म राहिला त्यांनी स्क्रीनशॉट मला इनबॉक्समध्ये पाठवा. तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. आधार नंबर, बँक खातं झाकून पाठवा, कमेंटमध्ये टाकू नका. आतापर्यंत 11 पैकी 7 जणांचे आलेत. सोमवारी 12 वाजता तहसीलच्या गेटवर आहे, येणाऱ्यांनी दाखल्याची झेरॉक्स आणावी.