मैदानाला जिल्ह्याची शीव नको : मन्नाएखेळ्ळी परिसराचे मागणीपत्र

प्रति,
प्रादेशिक आयुक्त, कलबुर्गी. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा पंचायत, बीदर व कलबुर्गी

महोदय,

तूर निघाली की आमची पोरे रानात स्टंप रोवतात. तुराट्या गेलेल्या असतात, धसकटे तशीच. अनवाणी पळणाऱ्याच्या तळव्यात ती शिरतात. उन्हाळी नांगरट लागली की तेही मैदान संपते. भरतीची तयारी करणारी मुले मग पहाटे मोबाईलची बॅटरी लावून पुणे-हैदराबाद महामार्गाच्या कडेने सोळाशे मीटर पळतात, खांद्याजवळून कंटेनर जात असतो. मुलींना घरचे तिकडे पाठवत नाहीत, आणि पाठवूही नये.

मन्नाएखेळ्ळी बीदर जिल्ह्याच्या चिटगुप्पा तालुक्यात. दक्षिणेकडचा चिंचोळी तालुका कलबुर्गीत, पूर्वेला तेलंगण. १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे तीन राज्यांत गेले. सोयरिकी काही वाटल्या गेल्या नाहीत. कबड्डीला संघ बोलवायचा तर जिल्हा कोण विचारतो?

कायदा मात्र विचारतो. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी उद्याने, बागा, क्रीडांगणे नावानिशी आहेत. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय. वाचनालय आहे, बाजार-जत्रा आहेत, मैदानाचे नाव नाही. खेड्याला रान आहेच, असे धरले असावे. (रान आहे, पण त्याला मालक आहे.) कलम २४३ झेडडीप्रमाणे जिल्हा नियोजन समितीने पंचायती आणि नगरपालिकांच्या समान हिताचे विषय, जागेच्या नियोजनासह, एकत्र पाहायचे असतात. पण समितीची नजर जिल्ह्याच्या शिवेपर्यंतच. आमची अडचण त्या शिवेवरच बसली आहे.

म्हणून मुख्य मागणी अशी, की शिवेलगतच्या ग्रामपंचायती आणि चिटगुप्पा, हुमनाबाद, चिंचोळी या पालिका यांचा मैदानांचा एकच आराखडा व्हावा. दोन्ही जिल्हे आयुक्तांच्या विभागात येतात. बैठक त्यांनीच बोलवावी, दोन्ही नियोजन समित्यांना समोरासमोर बसवावे. पैसा कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाकडून मागावा. कलम ३७१ (जे) खालचे हे मंडळ दोन्ही जिल्ह्यांचे आहे, तेव्हा जमीन कोणाच्या हद्दीत हा वाद तिथे तरी अडू नये.

गावोगाव स्टेडियम मागण्याइतके आम्ही भाबडे नाही. कबड्डीला १३ बाय १० मीटर लागतात, खो-खोला २७ बाय १६, व्हॉलीबॉलला १८ बाय ९. मिळून सव्वासातशे चौरस मीटर. भोवतीची मोकळी जागा धरूनही अर्ध्या एकरात बसते. एवढे प्रत्येक गावाला द्या. चारशे मीटरची धावपट्टी मात्र पाच-सात गावांत एक पुरे, पण ती महामार्ग न ओलांडता गाठता यावी. फाटकावर कोनशिला आणि आत बाभळी, असले मैदान नको. आधी सपाटीकरण, पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि संध्याकाळचा दिवा, कमान राहिली तरी चालेल.

देखभालीचा वाटा प्रत्येक पंचायतीने लोकसंख्येप्रमाणे उचलावा. हिशेबाचा फलक कन्नड आणि मराठीत मैदानावरच लागावा. सांभाळणाऱ्या समितीत निम्म्या महिला असाव्यात, नाहीतर संध्याकाळची वेळ पुन्हा क्रिकेटवाल्यांचीच होईल. हे आमच्यातल्या क्रिकेटवाल्यांनीही मान्य करून खाली सही केली आहे.

दोन्ही तालुक्यांतील गायरान आणि सरकारी पडीक जमिनीची मोजणी येत्या तुरीच्या काढणीआधी सुरू करावी. साखळी धरायला माणसे आम्ही देऊ.

आपले,
मन्नाएखेळ्ळी व शेजारगावांचे खेळाडू, पालक आणि शिक्षक