करून पाहू या : आवाज मोठा की स्पष्ट?



संध्याकाळचे सात वाजले की कितीतरी घरांत एक ठरलेलं भांडण सुरू होतं. आजीला मालिकेतले संवाद कळत नाहीत, म्हणून ती म्हणते, "जरा मोठा कर रे!" ताईची परीक्षा जवळ आलेली असते. ती आतून ओरडते, "आवाज कमी करा!" मग कोणीतरी म्हणतं, "आजीला हल्ली ऐकूच येत नाही." आजी बिचारी गप्प बसते आणि न कळलेली मालिका नुसतीच बघत राहते.

या भांडणात खरा अपराधी कोण, हे मात्र कोणीच शोधत नाही. पुष्कळदा तो ना आजीचा कान असतो, ना स्पीकर. अपराधी असते ती खोली! आज आपण तिलाच पकडू या.

आधी एक टाळी वाजवा. खोलीच्या मधोमध उभे राहा आणि एकच टाळी, जोरात. आता हीच टाळी गाद्या-उशा, कपडे असलेल्या झोपायच्या खोलीत वाजवा. फरक कळला? फरशी, काच आणि उघड्या भिंतींच्या खोलीत टाळीला झणझणीत शेपूट असतं. कपड्यालत्त्याच्या खोलीत ती चटकन विझते. शाळा रंगवायला काढली, बाक नि तक्ते बाहेर गेले, की आपलाच वर्ग कसा घुमतो, तसंच हे.

असं का होतं? आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर धावतो. १२ फुटांची खोली तो सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या भागात ओलांडतो, भिंतीवर आपटतो, परत येतो, समोरच्या भिंतीवर आपटतो... असा खेळ चालू राहतो. म्हणजे स्पीकरमधून आलेला एक शब्द आजीच्या कानात एकदा सरळ शिरतो आणि मागोमाग त्याची अनेक भावंडं शिरतात. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला सुमारे १७ मीटर लांबची भिंत लागते. घरात तेवढं अंतर नसतं, त्यामुळे ही भावंडं मूळ शब्दातच मिसळतात.

यात मार खातात ती व्यंजनं. 'आ', 'ओ' हे स्वर दणकट आणि लांब असतात. क, त, स, श मात्र नाजूक आणि क्षणभराचे. आधीच्या स्वराचं शेपूट त्यांच्या अंगावर पडतं आणि 'पाट' म्हटलं की 'पाठ' हेच कळत नाही. आवाज वाढवला तर? शब्द मोठा होतो आणि शेपूटही तेवढंच मोठं होतं! भांडण तिथल्या तिथेच.

ही गोष्ट एका तरुण प्राध्यापकाने मोजून दाखवली. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह तयार झालं, पण तिथे बोललेलं कोणाला कळेना. वॉलेस सॅबिन यांना ते सुधारायला सांगितलं. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या त्यांनी रात्री तिथे आणल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, थांबवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. रिकाम्या सभागृहात साडेपाच सेकंद लागत. गाद्या वाढवाव्यात तसा वेळ कमी होई. या मोजमापातून त्यांना नियम सापडला आणि त्याच्या आधारे बांधलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल १९०० साली उघडला. तो आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणला जातो.

आपणही सॅबिनसारखं मोजूनच काम करू या. नुसतं 'छान वाटतंय' नको!

श्रुतलेखनाची परीक्षा : मोबाइलवर सारखे वाटणारे २० शब्द सावकाश बोलून नोंदवा. पाट, पाठ, पात, पाच, काठ, खाट, गाठ, ताक, थाप, साप, शाप... असे. ते घरातल्या स्पीकरवर लावा. आजीला नेहमीच्या जागी बसवा आणि ऐकलेला शब्द तिला परत म्हणायला सांगा. किती बरोबर आले ते लिहा. आता खालचा एकेक बदल करा आणि पुन्हा परीक्षा घ्या. दर वेळी आवाजाचा आकडा तोच ठेवा, शब्दांचा क्रम मात्र बदला. नाहीतर आजी पाठ करून पैकीच्या पैकी मिळवेल!

पहिला बदल, जागा : भिंतीवरच्या चपट्या टीव्हीचे स्पीकर पुष्कळदा खाली किंवा मागे तोंड करून असतात. त्यांचा आवाज भिंतीला आपटूनच आपल्याकडे येतो. वेगळा स्पीकर असेल तर त्याचं तोंड थेट ऐकणाऱ्याकडे आणि उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी ठेवा. कोपऱ्यात मुळीच कोंबू नका. तिथे दोन भिंती आणि जमीन मिळून खर्जाचा आवाज फुगवतात, मग सगळं 'धुम्म धुम्म' होतं. भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढून बघा. दोन स्पीकर असतील तर ते एकमेकांपासून सहा फुटांवर आणि तुम्ही दोघांपासून सहा-सहा फुटांवर. झाला की नाही समभुज त्रिकोण? भूमिती कुठे कामाला येईल सांगता येत नाही!

आणखी सोपं म्हणजे स्पीकर आजीजवळ आणा. जितकं जवळ, तितका सरळ आलेला शब्द खोलीच्या घुमण्यापेक्षा वरचढ.

दुसरा बदल, बैठक : चमचा वाजवून हवेत धरा आणि मग त्याचा दांडा टेबलावर टेकवा. टेबलच वाजू लागतं. लोखंडी कपाटावर ठेवलेला स्पीकर हेच करतो. कपाटाची दारं, काचा, वरचे डबे सगळे त्याच्या सुरात सूर मिसळतात. यावर उपाय फुकटातला. जुन्या रबरी चपलेचे चार सारखे तुकडे कापा आणि स्पीकरच्या चार कोपऱ्यांखाली ठेवा. स्पीकर डगमगता कामा नये आणि त्याची हवेची भोकं बुजता कामा नयेत.

तिसरा बदल, भिंती : इथे आरशाचा खेळ आहे. आजीच्या जागी एकाने बसायचं. दुसऱ्याने बाजूच्या भिंतीला आरसा टेकवून तो हळूहळू सरकवायचा. बसलेल्याला आरशात स्पीकर दिसला की तिथे खडूची खूण! प्रकाशासारखाच आवाजही तिथूनच उसळून कानाकडे येतो. त्या खुणेवर गोधडी टांगा. भिंतीपासून चार बोटं दूर टांगली तर अधिक चांगलं. फरशीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि समोर पुस्तकांचं कपाट असेल तर आणखी उत्तम. आजीच्याच हातची गोधडी आजीच्या कानाला मदत करते, आहे ना गंमत!

पालकांसाठी दोन शब्द. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला बरेच जण देतात. ते पातळ असतात, फारसा उपयोग होत नाही, उलट धूळ साठते आणि ते लवकर पेटतात. दुसरं म्हणजे गोधडीने खोलीतला घुमारा कमी होतो, शेजाऱ्याकडे जाणारा आवाज नाही. खर्जाची एक लाट सात-सात मीटर लांब असते, ती कापडाला काय दाद देणार! शेजाऱ्यांसाठी उपाय एकच, आवाज कमी ठेवणे. कपाट-टीव्ही हलवताना वीज बंद करून मोठ्यांनीच हात लावावा.

आणि मुलांनो, तुमच्याही कानांचं बघा हं. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या ऐकण्यासाठी मर्यादा सांगितली आहे, ७५ डेसिबल आणि तेही आठवड्याला ४० तासच. डेसिबल कसे मोजायचे? साधी खूण लक्षात ठेवा. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, तर आवाज नक्कीच जास्त आहे. कानाच्या आतले बारीक केस एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत.

तिन्ही बदल करूनही आजीचे गुण वाढले नाहीत, तर मात्र तिला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला आईबाबांना सांगा. तुमच्या वहीतले आकडे डॉक्टरांनाही दाखवा. पण परीक्षा घेतल्याशिवाय आजीला 'बहिरी' म्हणायचं नाही, कबूल?

२० पैकी किती गुण होते आणि किती झाले, कोणत्या बदलाने सर्वांत जास्त वाढले, ते पत्राने जरूर कळवा. आजीची सही घ्यायला विसरू नका!

तुमच्या बाई