पाइनला कुंपण, शार्कला जाळं

१९६४ साली अमेरिकेतल्या नेवाडात, व्हीलर शिखराच्या उतारावर एक ब्रिसलकोन पाइन तोडला गेला. हिमनद्यांचा इतिहास अभ्यासणारे डोनाल्ड करी यांनी वन खात्याच्या परवानगीनेच तो तोडवून घेतला होता. खोडातली वलयं मोजली, तर ती निघाली चार हजार आठशेंहून जास्त! या झाडाबद्दल लोक अजून हळहळतात.

थंडी, वारा आणि नापीक जमीन यांमुळे हा पाइन फार सावकाश वाढतो. म्हणूनच त्याचं लाकूड इतकं घट्ट आणि राळेने भरलेलं असतं की कीड-बुरशीचं फारसं काही चालत नाही. जुन्या झाडांचं बरंचसं खोड वाळून उघडं पडतं. सालीची एखादी अरुंद पट्टी तेवढी जिवंत राहते आणि शेंड्याच्या हिरव्या फांद्यांना पाणी पुरवते.

उत्तर अटलांटिकच्या गार, खोल पाण्यातला ग्रीनलंड शार्कही असाच संथ. वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटरभर वाढ. त्याच्या अंगात वलयं मोजता येतील असं हाड नाही. अखेर युलियस निल्सन आणि सहकाऱ्यांनी २८ माद्यांच्या डोळ्यांतली भिंगं तपासली. भिंगाचा गाभा पिल्लू आईच्या पोटात असतानाच तयार होतो आणि पुढे बदलत नाही. त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून २०१६ मध्ये अंदाज निघाला: सर्वांत मोठी मादी सुमारे ३९२ वर्षांची, आणि कमीत कमी धरलं तरी २७२. मादी वयात येते तीच दीडशेच्या आसपास.

पाइनचं वय खोडातून पेन्सिलीएवढा नमुना काढून कळतं, झाड जगतं. शार्कचं भिंग मात्र तो मेल्यावरच हाती येतं.

पूर्वी यकृताच्या तेलासाठी त्याची शिकार होई. आता हॅलिबट आणि इतर माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत आणि गळांच्या लांबलचक दोऱ्यांत तो चुकून सापडतो. जुन्या पाइनला करवत लावली तर आज गहजब होईल. दीडशे वर्षांची मादी पिल्लं देण्याआधीच जाळ्यात मेली, तर किनाऱ्यावर कुणाला पत्ताही लागत नाही. हा भेदभाव चुकीचा आहे. दोन-पाच वर्षांच्या हिशेबाने ठरणारे मासेमारीचे नियम या प्राण्याला लावताच येणार नाहीत. सापडलेला जिवंत शार्क दोर कापून तिथल्या तिथे सोडणं आणि मेलेल्याची नोंद करणं उत्तर अटलांटिकमधल्या प्रत्येक बोटीला सक्तीचं हवं. जिथे तो वारंवार अडकतो, तिथे जाळी टाकायलाच बंदी हवी.