सर्दी लपवू नका!

मालवण-तारकर्लीची सहल ठरली, स्कुबाचे पैसे भरून झाले आणि नेमकी आदल्या रात्री सर्दी झाली. अशा वेळी आपण बायका काय करतो? ‘एवढ्याशा सर्दीचं काय, सगळ्यांचा हिरमोड नको,’ म्हणत गुपचूप एक गोळी घेतो आणि बोटीत जाऊन बसतो!

इथंच चुकतं. नाकाच्या मागून कानाच्या आतल्या भागापर्यंत एक बारीक नळी जाते. पाण्यात खाली जाताना दाब वाढतो, तेव्हा या नळीतून हवा आत गेली तरच कान तो सोसतो. सर्दीत ही नळी सुजून बंद होते. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, पण कानाचा पडदा फाटायला त्याहून कितीतरी कमी खोली पुरते. गोळीचा असर पाण्यातच ओसरला, तर वर येताना आतली हवा अडकते आणि कान ठणकायला लागतो.

घरच्यांसाठी दुखणं लपवायची आपली सवय जुनीच. घरात ती खपून जाते, समुद्रात नाही. तेव्हा मैत्रिणींनो, ‘मला सर्दी आहे, मी किनाऱ्यावर थांबते,’ असं सरळ सांगा. पैसे बुडाले तर बुडू देत, कान शाबूत हवेत!