मागच्या फळीतली पोरं

फाक पंचमीला पहिल्या फाका घातल्या गेल्या, की रत्नागिरीच्या वाड्यावाड्यांत शिमगा अंगात भिनू लागतो. कुठे होळी तेरसेची, कुठे भद्रेची. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर येईतो दिवा, विरार, नालासोपाऱ्यातल्या कितीतरी खोल्यांना कुलूप लागलेलं असतं. चाकरमानी गावी पोचलेला असतो. यंदाही पोचेल. काळजी आहे ती त्याच्या पोरांची. फाल्गुन नेमका परीक्षांच्या तोंडावर येतो, म्हणून निम्मी पोरं येतच नाहीत. जी येतात ती मांडवाच्या कडेला मोबाइल धरून उभी राहतात. मग जाणती मंडळी म्हणतात, "ह्यांना कसलीच आवड नाय."

आम्हाला हे पटत नाही. शिमगा हा बघायचा सण कधीच नव्हता. पालखी नाचवताना खांदा बदलणारा, पुरलेली खूण पालखीनं शोधावी म्हणून श्वास रोखून उभा राहणारा, खेळे दारात आले की ओटी घेऊन पुढे होणारी, सगळेच त्यात कामाला लागलेले असतात. ज्याच्या हाताला काम नाही तो तिथे परकाच राहतो, मग तो त्याच गावच्या रक्ताचा का असेना. आपण पोरांना आग्रहानं बोलावतो आणि हाताला काम मात्र देत नाही.

पूर्वी हे काम आपोआप मिळत असे. मुंबईच्या गिरणगावात गावागावाच्या खोल्या होत्या. पाळी संपवून आलेले गडी तिथे नमन-खेळ्यांच्या तालमीला मृदंग काढून बसत आणि उंबऱ्यात बसलेलं पोर नकळत झील ओढू लागे. आधी झील, मग टाळ, मग गवळणीतला पेंद्या, कधीतरी राधा, आणि मृदंग त्यानंतर कितीतरी वर्षांनी. नमन कुणी वहीतून शिकलं नाही. मागच्या फळीत उभं राहून पाय कधी उचलायचा आणि कधी थांबायचं हे शरीरालाच कळत गेलं. १९८२च्या संपानंतर गिरण्या थंडावत गेल्या, माणसं उपनगरांत पांगली आणि त्यांच्यासोबत ती मागची फळीही पांगली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, गाव एका रात्रीवर आलं. पण तालमीचा उंबरा काही परत आला नाही. आज वर्षातून चार दिवस येणाऱ्या पोरानं वीस वर्षं मुरलेल्या खेळ्यांसारखं नाचावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

खरं तर पोरांना ओढ फार लवकर लागलेली असते. काळ्या कपड्यांतला, उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा, खेळ्यांतला संकासूर अंगावर धावून येतो तेव्हा चार वर्षांचं पोर आईच्या पदरात शिरतं. पुढच्या वर्षी तेच पोर त्याच्या मागे मागे पळतं. आणखी काही वर्षांनी त्याला ती टोपी घालून बघायची असते. नेमकं तेव्हाच आपण म्हणतो, "हात लावू नको, मोडशील." त्याच्या शहरी मराठीला हसतो. कमावता झाल्यावर त्याच्या हाती गावकीकडून पहिली वस्तू पडते ती वर्गणीची पावती. मृदंग मात्र मानाप्रमाणे, घराप्रमाणे.

देवाचे मान राहू देत, त्यांना आम्ही हात लावायला सांगत नाही. पण झील ओढायला कुठला मान लागतो? दिव्यात किंवा विरारला, महिन्यातून एक रविवार, एखाद्या सभागृहात तालीम का होऊ नये? मोबाइलवर चित्रित केलेली गवळण पोरांनी जरूर ऐकावी, चाल पाठ व्हायला तिचा उपयोग होतो. पायाचं वजन मात्र शेजारी नाचणाऱ्याकडूनच येतं. आणि या तालमीला मुलींनीही यावं. काही गावांत महिलांची नमन मंडळं उभी राहिली आहेत आणि रात्र रात्र रंगताहेत. ज्या गावात हे अजून झालेलं नाही, तिथे निम्मी मागची फळी आपण स्वतःच घरी बसवून ठेवली आहे.

गेल्या शिमग्यात एका वाडीत आम्ही पाहिलं. मुंबईहून आलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात कुणीतरी टाळ दिले. तिसऱ्याच फेऱ्याला तिचा ताल चुकला आणि ती रडवेली होऊन थांबली. वयस्क मृदंगवाल्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. त्यानं फक्त लय थोडी सोडली, ठेका सावकाश केला. अख्खी फळी त्याच्यासोबत सावकाश झाली. दोन आवर्तनांत तिचे टाळ पुन्हा वाजू लागले, आणि मग त्यानं लय चढवली.